खांद्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करायचं का?

बाथरूममध्ये पाय घसरतो, पडताना हात टेकला जातो आणि दंडाचं हाड खांद्यापाशी मोडतं. साठीपुढच्या बायकांमध्ये हे फार दिसतं. एक्स-रे पाहून मी "ऑपरेशन नको, हात गळ्यात ठेवा" म्हटलं की घरच्यांचा चेहरा पडतो. प्लेट नाही, प्लास्टरही नाही, मग उपचार कसला?

पण इथलं हाड सहसा आपोआप जुळतं. तुकडे फारसे सरकले नसतील तर स्लिंग आणि व्यायाम पुरतात. सरकलेल्या तुकड्यांचं काय, हे ब्रिटनमधल्या 'प्रोफर' अभ्यासात २५० रुग्णांवर तपासलं गेलं. २०१५ साली निष्कर्ष आला: दोन वर्षांनंतर ऑपरेशन झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या खांद्यांत म्हणावा असा फरक नव्हता. मात्र सांधा निखळलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, हे 'ऑपरेशन कधीच नको' म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

सांधाच निखळला असेल, हाडाचा गोल माथा दुभंगला असेल, जखम उघडी असेल तर ऑपरेशनच. हात गार पडला तर तासाचाही उशीर नको. तरुण, कष्टाची कामं करणाऱ्या माणसाचे तुकडे बरेच सरकले असतील, तर मीही ऑपरेशनकडे झुकतो. वयस्क माणसाच्या ठिसूळ हाडात मात्र स्क्रू अनेकदा नीट धरत नाहीत. फारच चुरा झाला असेल तर कृत्रिम सांध्याचा विचार करावा लागतो.

ऑपरेशन नको ठरलं, तरी काम संपत नाही. हात सुजायच्या आत अंगठ्या-बांगड्या काढा. काळंनिळं कोपरापर्यंत उतरेल, घाबरू नका. आडवं झोपवत नाही, तेव्हा पाठीशी उशा लावून रेलून झोपा. बोटं, मनगट पहिल्या दिवसापासून हलवा. आठवड्या-दोन आठवड्यांनी, डॉक्टरांनी सांगितलं की, चांगल्या हाताने टेबल धरून वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडून हलकेच झुलवायचा. याचा कंटाळा केला तर हाड जुळतं, पण खांदा आखडतो आणि वेणी घालायलाही हात वर जात नाही. मालीश अजिबात नको. तुकडा सरकलाय का, हे पाहायला पुन्हा एक्स-रे लागतो, तो चुकवू नका.

तातडीची कारणं सोडली तर निर्णयाला काही दिवस हाताशी असतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. आणि उभ्या उभ्या पडून हाड मोडलं असेल, तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्याच.