सनरूफची गळती आणि तुंबलेल्या नळ्या

मोटारीच्या सनरूफची काच पाणी पूर्णपणे अडवत नाही. तिची रचनाच तशी नसते. काचेभोवतीचे रबर बहुतेक पाणी बाहेर थोपवते आणि उरलेले काचेखालच्या चौकटीतल्या पन्हळीत पडते. कौलारू घराच्या वळचणीला पन्हळ जे काम करते, तेच ही करते. तिच्या कोपऱ्यांना छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्राला बोटापेक्षा बारीक नळी जोडलेली असते. पुढच्या दोन नळ्या विंडशील्डच्या बाजूच्या खांबांतून उतरून बहुधा दाराच्या बिजागरीजवळ किंवा पुढच्या चाकाच्या मडगार्डमागे उघडतात. मागच्या दोन नळ्या मागील खांबांतून उतरून बंपरच्या आत किंवा मागच्या चाकाजवळ सोडलेल्या असतात. या नळ्या मोकळ्या असतील तर मुसळधार पावसातही गाडी आतून कोरडी राहते. एखादी तुंबली की पन्हळ भरते, आणि पाणी काठावरून छताच्या अस्तरात उतरते.

नळ्या तुंबतात त्या धूळ, पालापाचोळा आणि वंगणाच्या मिश्रणाने. सुरतजवळचे चलथाण या दृष्टीने जरा जास्तच जपावे असे ठिकाण आहे. गाव पलसाणा तालुक्यात, राष्ट्रीय महामार्ग 48 वर आहे. अवजड वाहनांची धूळ दिवसरात्र उडत असते. आसपासच्या कापड कारखान्यांच्या भागात हवेत सुताचे बारीक तंतू असतात, आणि हिवाळ्यात ऊसगाळप सुरू झाले की चोथ्याची काळी राखही गाड्यांच्या टपावर बसते. उन्हाळ्यात सावलीसाठी गाडी कडुनिंबाखाली लावली की पाने, काड्या आणि मोहोर पन्हळीत गोळा होतात. यातले काहीच एकटे नळी बंद करत नाही. तंतूंच्या जाळ्यात धूळ अडकते, पहिल्या सरीने ती भिजते, मागून पडलेल्या उन्हात वाळते आणि तिचा घट्ट बोळा होतो.

तिथल्याच एका गाडीत जुलैमध्ये हे घडले. चालकाशेजारच्या आसनासमोरचे मॅट वरून कोरडे होते. पण कार्पेट उचलून खालचा फोम दाबला तेव्हा त्यातून गढूळ पाणी आले. आधी सनरूफचे रबर बदलले गेले. गळती थांबली नाही. मग काचेभोवती सीलंट भरण्याचा सल्ला मिळाला. तो न मानता काच उघडून डाव्या पुढच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतले, तर ते तसेच तुंबून राहिले. छिद्राला व्हॅक्यूमची नळी लावल्यावर करड्या नमद्यासारखा बोळा बाहेर आला. त्यात निंबाच्या काड्या आणि धागे एकजीव झाले होते. पुढचे पेलाभर पाणी काही क्षणांत बिजागरीजवळून जमिनीवर पडू लागले. दोष रबराचा नव्हताच, आणि सीलंटने तर नळी तुंबलेलीच राहिली असती.

गळतीची लक्षणे अशी: गाडी उघडताच येणारा कुबट वास, काचांवर आतून धरणारी वाफ, छताच्या अस्तरावर पिवळसर डाग, ओले कार्पेट, डिकीत स्टेपनीच्या खोलगट जागेत साचलेले पाणी. ब्रेक लावताच छतावरच्या दिव्यातून किंवा हाताने धरायच्या कडीजवळून पाणी ठिबकले, तर पन्हळ काठोकाठ भरली आहे असे समजावे. सोनगड-नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणाऱ्या चढउताराच्या रस्त्यावर ही खूण लवकर दिसते, कारण उतारावर सगळे पाणी पुढच्या कोपऱ्यांकडे धावते. गाडी उतारावर उभी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे: अशा वेळी खालच्या बाजूच्या दोनच नळ्यांवर सगळा भार येतो.

प्रत्येक ओलाव्याचे कारण सनरूफ नसते. एसीची निचरा नळी तुंबली तरी पुढे पायाशी पाणी येते. ते स्वच्छ असते आणि पाऊस नसतानाही, एसी चालवल्यावर येते. चिकट आणि गोडसर वासाचे पाणी इंजिनच्या कूलंटचे असते. दाराच्या आतले प्लास्टिक आवरण सुटले किंवा विंडशील्डखालची पन्हळ पानांनी भरली, तरी कार्पेट भिजते. म्हणून आधी खात्री करावी, मग सुटे भाग बदलावेत.

तपासणी घरीच होते. गाडी सपाट जागी उभी करून काच पूर्ण उघडावी. पन्हळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कोरड्या झटक्याने कचरा छिद्रातच लोटला जातो. मग एकेका कोपऱ्यात सुमारे 100 मिलिलिटर पाणी सावकाश ओतावे आणि दुसऱ्याने खाली पाहावे. पाणी लगेच, सलग धारेने पडले तर नळी मोकळी आहे. थेंबथेंब पडले तर ती अर्धवट तुंबली आहे. कोपऱ्यातले पाणी उतरले, पण खाली काहीच आले नाही, तर ओतणे तत्काळ थांबवावे: नळी मध्येच निखळलेली असू शकते आणि पाणी अस्तराच्या आत जात असते. होजपाईप किंवा प्रेशर वॉशरने ही तपासणी करू नये.

तुंबलेली नळी वरून व्हॅक्यूमने ओढून काढणे सर्वांत सुरक्षित. त्याने भागले नाही तर गवत कापणीच्या यंत्रातली सुमारे 2 मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी, टोक आचेवर गोल करून, हलक्या हाताने सरकवावी. लोखंडी तार वापरू नये; ती नळी फाडते. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसरही टाळावा, कारण त्या दाबाने नळी जोडावरून सुटते आणि ती परत बसवायला छताचे अस्तर उतरवावे लागते. बऱ्याच नळ्यांच्या खालच्या टोकाला चीर दिलेली रबरी टोपी असते. तिच्यात चिखल साचतो, म्हणून तीही दाबून मोकळी करावी. काचेभोवतीचे रबर साबणाच्या पाण्याने पुसून त्यावर सिलिकॉनचे वंगण लावावे. पेट्रोलजन्य ग्रीसने रबर फुगते.

कार्पेट भिजले असेल तर नुसती गाडी उन्हात ठेवून चालत नाही. वरचा थर वाळतो आणि फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो. अनेक गाड्यांत कार्पेटखालून आणि आसनांखालून वायरिंग, एअरबॅगचे जोड आणि नियंत्रण यंत्रणा गेलेल्या असतात. जोडांना हिरवट गंज चढला की दिवे, सेंट्रल लॉक आणि सेन्सर कारण न कळता बिघडू लागतात. म्हणून बॅटरीची ऋण तार काढावी, कार्पेट उचलून फोम पंख्याने वाळवावा आणि जोड जाणकाराकडून तपासून घ्यावेत. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि विद्युत बिघाड वगळलेले असतात. हळूहळू झिरपलेल्या पाण्याचा खर्च बहुधा मालकालाच सोसावा लागतो. जुनी गाडी घेतानाही सनरूफ उघडझाप करून पाहणे पुरेसे नाही. कार्पेटखाली आणि स्टेपनीच्या जागेत हात घालून पाहावे.

चलथाणसारख्या धुळीच्या भागात ही तपासणी वर्षातून दोनदा व्हावी: मे अखेरीस, पावसाआधी, आणि गाळप हंगाम संपल्यावर. गाडी झाडाखाली राहत असेल तर दर महिन्याला पन्हळ पुसावी. सर्व्हिसिंगला गाडी देताना सनरूफच्या नळ्या तपासण्याचे काम जॉबकार्डवर लिहून घ्यावे, कारण ते अनेकदा नेहमीच्या यादीत नसते. गळती दिसली तर रबर बदलण्याआधी आणि सीलंट लावू देण्याआधी चारही कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओतून पाहावे.