सायलेन्सर गार्डाची डागडुजी

हिरो होंडा स्प्लेंडर १९९४ साली आली. त्या काळातल्या गाड्या नागपूरच्या रस्त्यांवर आजही कामाला धावतात. इंजिन ठणठणीत असतं, पण सायलेन्सरवरचं गार्ड गंजलेलं, खडखडणारं, नाहीतर कधीच काढून टाकलेलं. मागे बसलेल्या पोराची उजवी पोटरी नेमकी तिथेच टेकते, म्हणून हे काम मला महत्त्वाचं वाटतं. गार्ड आणि सायलेन्सर यांच्यात जी हवेची फट असते, ती खरी चटक्यापासून वाचवते. ती फट आधी सांभाळायची, चकाकीचं नंतर बघायचं.

लागणारं साहित्य: पाने, पितळी तारेचा ब्रश, ॲल्युमिनियम फॉइल, ४०० नंबरचा वॉटर पेपर, थिनर, ६०० अंशांचा उष्णतारोधक स्प्रे, कॉपर ग्रीस, नवे बोल्ट आणि उष्णता सोसणारी पॅकिंग वायसर. यातलं बहुतेक सगळं इतवारीतल्या हार्डवेअरच्या आणि स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतं.

गाडी पूर्ण थंड होऊ द्या. गार्डाच्या बोल्टांवर गंज सैल करणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी पाना लावल्यावर एकदम जोर करू नका. थोडं घट्ट करा, मग सैल करा, पुन्हा घट्ट. वर्षानुवर्षं तापून-निवून हे बोल्ट आट्यांत जाम झालेले असतात आणि घाईत डोकं तुटतं. तुटलंच, तर सायलेन्सर गाडीवरून उतरवून लेथवाल्याकडे न्या. बोल्ट तापवायला पेट्रोलच्या टाकीजवळ गॅसचा टॉर्च पेटवायचा नाही. ६ मिमीच्या बोल्टासाठी ५ मिमीचं छिद्र पाडून नवे आटे पाडता येतात.

जुनी वायसर पांढरी, तंतुमय असेल तर तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती घासू नका, फुंकू नका. ओली करून पिशवीत बांधून टाका.

आता गार्ड उजेडात धरून बघा. नुसते तांबूस ठिपके असतील तर क्रोम अजून जिवंत आहे. फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि क्रोमला सहसा ओरखडा पडत नाही. साध्या कामाचा याहून चांगला उपाय मी पाहिलेला नाही. पापुद्रे सुटत असतील तर मात्र घासून उपयोग नाही, कारण गंज खालून, क्रोमखालच्या निकेलच्या थराच्याही आतून आलेला असतो. अशा वेळी प्लेटिंगवाल्याकडून पुन्हा क्रोम करून घ्या किंवा रंग द्या. घरी क्रोम चढवायच्या फंदात पडू नका; त्यातलं रसायन विषारी आणि कर्करोगकारक आहे.

पोचा आला असेल तर आतून लाकडी ठोकळा धरून, बाहेरून रबरी हातोडीने हळूहळू सरळ करा. वाकलेलं गार्ड सायलेन्सरला टेकलं की फट संपली आणि गार्ड तव्यासारखं तापणार.

रंगासाठी नागपूरचा उन्हाळा सोयीचा, कारण हवा कोरडी असते. पण दुपारच्या ४५ अंशांत तापलेल्या पत्र्यावर स्प्रे पसरण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून सकाळी लवकर, सावलीत काम करा, आणि कूलर चालू असलेल्या खोलीत तर नकोच. त्याची ओल रंगाखाली अडकते. सुटलेलं क्रोम मास्क लावून, ओल्या पेपरने घासा, थिनरने पुसा, नंतर बोट लावू नका. साधा प्रायमर खाली मारला तर तापल्यावर तोच सुटतो. स्प्रेचे तीन पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. बाहेरून काळा चालेल, आतल्या बाजूला मात्र चंदेरी द्या. काळा पृष्ठभाग सायलेन्सरची उष्णता शोषतो, चकचकीत पृष्ठभाग ती परत फेकतो.

बसवताना बोल्टाच्या आट्यांना कॉपर ग्रीस लावा. साधं ग्रीस जळून जातं. प्रत्येक बोल्टाखाली नवी पॅकिंग वायसर आणि स्प्रिंग वायसर टाका. बऱ्याच ठिकाणी वायसरऐवजी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतात. तो चार दिवसांत उष्णतेने खराब होतो, वास सुटतो, गार्ड खाली बसतं आणि खडखड पुन्हा सुरू होते. हा जुगाड करू देऊ नका. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग एकेक करून आवळा, आणि कडेने टॉर्च मारून फट सगळीकडे सारखी दिसते का ते बघा.

इंजिन दहा मिनिटं चालवा, थंड करा, पुन्हा चालवा. पहिल्यांदा थोडा धूर येईल, घाबरू नका. गार्ड सायलेन्सरइतकं तापत नसल्याने त्यावरचा रंग पक्का व्हायला वेळ लागतो. तोवर पेट्रोलचा थेंब पडू देऊ नका.

आणि गार्ड नीट बसलं तरी लांब पल्ल्यानंतर ते तापतंच. पोरांना डाव्या बाजूनेच उतरायची सवय लावा. चटका बसलाच तर टूथपेस्ट किंवा हळद न लावता वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, आणि मोठा फोड आला तर डॉक्टरांकडे न्या.