सम्यक संकल्प आणि आपले नवे वर्ष



डिसेंबर संपत आला की आपल्या वस्तीत दोन गोष्टींची तयारी सुरू होते. एक, १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी जाण्याची, आणि दुसरी, नव्या वर्षाच्या संकल्पांची. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या स्तंभाला भेट दिली. त्यामुळे हा दिवस आपल्यासाठी केवळ भिंतीवरचे कॅलेंडर बदलण्याचा दिवस नाही. त्या दिवशी काहीतरी चांगले ठरवावे असे प्रत्येकाला वाटते. कोणी दारू सोडण्याचे ठरवतो, कोणी तंबाखू. कोणी रोज पहाटे वंदना घेण्याचे, तर कोणी मुलांना रोज तासभर अभ्यासाला बसवण्याचे ठरवतो. फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्यातले किती टिकते, हे आपले आपल्याला ठाऊक आहे.

संकल्प करू नका, असे आम्ही सांगणार नाही. संकल्प कसा करावा आणि तो मोडला तर काय करावे, याचा धम्माच्या प्रकाशात थोडा अभ्यास करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही कार्यकर्त्यांनी विहारात ३१ डिसेंबरच्या रात्री एक कार्यक्रम घेतला. त्रिशरण-पंचशील झाल्यावर प्रत्येकाने उभे राहून आपला संकल्प सर्वांसमोर सांगायचा आणि तो नावासह फळ्यावर लिहायचा, असे ठरले. एका उपासकांनी यापुढे दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा पाय घसरला. दर रविवारी न चुकता वंदनेला येणारा हा माणूस विहारात यायचा बंद झाला. आम्ही रस्त्यात दिसलो की ते शेजारच्या गल्लीत वळत. फळ्यावर मात्र त्यांचे नाव तसेच होते. एके दिवशी त्यांच्या पत्नीने आम्हाला विचारले, "दादा, आधी ते पीत होते, पण विहारात तरी येत होते. आता तेही सुटलं. तुम्ही काय मिळवलंत?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याचे उत्तर शोधतानाच आम्ही पुन्हा ग्रंथांकडे वळलो.

तत्त्व आणि नियम

आर्य अष्टांगिक मार्गातील दुसरे अंग सम्यक संकल्प हे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याचा अर्थ सोपा करून सांगितला आहे. प्रत्येक माणसाला काही ध्येये आणि आकांक्षा असतात. त्या हीन नसाव्यात, उदात्त असाव्यात, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आपले नव्या वर्षाचे संकल्प हा धम्माच्या बाहेरचा विषय नाही.

याच ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांतला फरक दाखवला आहे. तत्त्व माणसाला विचार करून वागण्याची मोकळीक देते. नियम ती देत नाही, म्हणून त्याचा शेवट मोडण्यात होतो. कधी नियम मोडतो, तर कधी माणूस. आम्ही त्या रात्री फळ्यावर नियम लिहून घेतले होते.

आपण पंचशील दरवेळी पुन्हा का घेतो, याचाही विचार करावा. प्रत्येक शीलात 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खा म्हणजे शिक्षण आणि पद म्हणजे पाऊल. मी शिकण्याचे हे पाऊल उचलतो, असे आपण म्हणतो. शिकणारा चुकणारच. चुकला म्हणून त्याचे नाव कोणी शाळेतून काढत नाही.

पाली ग्रंथांत सम्यक संकल्पाचे तीन भाग सांगितले आहेत: आसक्तीचा त्याग, द्वेष नसणे आणि हिंसा नसणे. आपण ते दुसऱ्यांच्या बाबतीत लावतो. स्वतःच्या बाबतीत विसरतो. मैत्री भावनेची सुरुवात मात्र स्वतःपासून करायची असते. स्वतःला शिव्या देत केलेला संकल्प द्वेषातूनच जन्मलेला असतो.

सोण आणि राहुल

चंपानगरीचा सोण हा श्रीमंत घरातला, अतिशय नाजूक वाढलेला तरुण भिक्खू झाला. राजगृहाजवळ तो चालत ध्यान करी. त्याने इतका अट्टहास केला की पाय फुटून चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. तरी मन मुक्त होईना. घरी परत जावे, असे त्याला वाटू लागले. तथागत त्याच्याकडे गेले. त्यांनी त्याला रागावले नाही आणि शपथेची आठवणही दिली नाही. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. त्यांनी त्या वीणेबद्दल विचारले. तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर? सोणाला उमगले. अति जोराने मन अस्वस्थ होते आणि अति ढिलाईने आळस येतो. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, तार सैल करायला शिकलेला हाच सोण पुढे अर्हत झाला आणि नेटाने प्रयत्न करणाऱ्या भिक्खूंमध्ये तथागतांनी त्यालाच अग्रस्थान दिले.

दुसरा उपदेश राहुलाला केलेला आहे. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू येथील लेखात जे धम्मग्रंथ सर्वांनी वारंवार ऐकावेत असे सुचवले, त्यांत या उपदेशाचा उल्लेख आहे. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. त्याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होते का हे तपासावे, असा त्याचा भाव आहे. हातून किंवा वाणीने चूक झाली तर काय करावे? गुरूला किंवा समजदार सोबत्याला ती मोकळेपणाने सांगावी आणि पुढे जपावे. शिक्षा करून घ्यावी असे तेथे म्हटलेले नाही. तोंड लपवावे असेही नाही.

संकल्प कसा करावा?

या अभ्यासातून आम्ही आमची पद्धत बदलली. ती अशी:

१. संकल्प एकच करावा. दहा संकल्प म्हणजे दहा ताणलेल्या तारा.

२. करण्याआधी आरसा पाहावा. हा संकल्प रागातून, लाजेतून किंवा शेजाऱ्याच्या बरोबरीतून आला आहे, की स्वतःच्या आणि घरच्यांच्या हितातून?

३. मुदत वर्षाची नको, पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतची ठेवावी. भिक्खुसंघही दर पंधरा दिवसांनी उपोसथाला एकत्र येऊन आपल्या शीलाची उजळणी करतो. वर्षभर थांबत नाही.

४. संकल्प लहान आणि स्पष्ट असावा. "खूप वाचन करीन" याऐवजी "रात्री जेवणानंतर दोन पाने वाचीन" असे म्हणावे.

५. तो सभेत जाहीर करू नये. एका कल्याणमित्राला सांगावा. चुकल्यावरही ज्याच्याकडे जाता येईल अशा माणसाला.

६. मोडला तर त्या दिवशी काय घडले ते पाहावे. कोण सोबत होते, कोणती वेळ होती, मनात काय होते? मग शील घेतो तसा तो पुन्हा घ्यावा.

दारूबाबत एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरणे, भ्रम होणे, फिट येणे असे धोके असतात. अशा वेळी निव्वळ शपथेवर विसंबू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्था याच कामासाठी आहेत. उपचार घेणे यात कमीपणा नाही.

शेवटी

आम्ही फळा पुसला. मग दोघे-तिघे त्या उपासकांच्या घरी गेलो. दारूचा विषय काढला नाही. चहा घेतला, मुलांच्या शाळेची चौकशी केली आणि निघताना चूक आमची झाली असे सांगितले. ते काही बोलले नाहीत. माघ पौर्णिमेला मात्र विहारात येऊन शेवटच्या रांगेत बसले. पुढे त्यांनी उपचार घेतले. मध्ये एकदा पुन्हा घसरले, पण त्यानंतरच्या रविवारी स्वतःहून आले आणि घडलेले सांगून त्यांनी पुन्हा पंचशील घेतले.

येत्या १ जानेवारीला आपणही संकल्प अवश्य करावा. तो मोडला तर विहाराकडे पाठ फिरवू नये. मोडल्यानंतरच्या दिवसासाठीच विहार आहे, संघ आहे आणि आपण सारे आहोत.

नमो बुद्धाय! जय भीम!