विझत नसलेला लाल दिवा

प्रश्न : वडिलांची १९६२ सालची अँबॅसडर मी जतन केली आहे. गाडी वेगात असतानाही चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही आणि नवी बॅटरीही उतरते. डायनॅमो बदलावा काय?

उत्तर : इतक्या निष्ठेने सांभाळलेल्या गाडीचा मूळ डायनॅमो पुराव्यावाचून बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रथम पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. तो सैल असल्यास दोष बहुधा तेथेच सापडतो. पट्टा ताठ असूनही दिवा जळत राहिला, तर डायनॅमोवरील दोन्ही तारा सोडवून, त्याची दोन्ही टर्मिनले तांब्याच्या तारेने परस्परांस जोडून, व्होल्टमीटरचे एक टोक तेथे व दुसरे डायनॅमोच्या अंगास लावावे आणि इंजिनाची गती संथपणे वाढवीत न्यावी. काटा झरझर वीस व्होल्टांकडे चढला, तर डायनॅमो निर्दोष असून रेग्युलेटर, त्यातील कटआउट व मधल्या तारा यांची तपासणी क्रमप्राप्त ठरते. तो जेमतेम एका व्होल्टावर थबकला तर फील्ड-कॉइलवर, चार-पाचांवर अडखळला तर आर्मेचरवर संशय घ्यावा. काटा मुळीच न हलल्यास मात्र आधी कार्बन ब्रश काढून पाहावेत. झिजलेल्या ब्रशांची किंमत अगदीच किरकोळ असते. परीक्षेच्या वेळी वीस व्होल्टांपुढे इंजिन कदापि पळवू नये.