दोन शहरांमधील अंतर

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही शहरे एकमेकांपासून किती दूर आहेत? पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो आर्क्टिक प्रदेशावरून जातो आणि त्याची लांबी सुमारे 12,400 किलोमीटर भरते. भूगोलाच्या दृष्टीने हेच त्यांमधील सर्वांत कमी अंतर होय. वैमानिकाचे काम मात्र एवढ्या उत्तराने भागत नाही.

डिसेंबर 2015 मध्ये एअर इंडियाने या दोन शहरांमध्ये विनाथांबा विमानसेवा सुरू केली. विमान दिल्लीहून पश्चिमेकडे निघे आणि युरोप व अटलांटिक महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचे. हा मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरचा होता. ऑक्टोबर 2016 मध्ये मात्र तेच विमान उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. या वेळी त्याने सुमारे 15,300 किलोमीटर अंतर कापले. वाट तब्बल 1,400 किलोमीटरनी वाढली. तरीही प्रवास साडेचौदा तासांत संपला आणि जवळजवळ दोन तास वाचले!

याचे कारण वाऱ्यात आहे. भूपृष्ठापासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विमान हवेतून उडते आणि ती हवाच पुढे सरकत असेल, तर तिचा वेग विमानाच्या वेगात मिळतो. नदीच्या प्रवाहाबरोबर जाणाऱ्या होडीला हाच लाभ होतो. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी 900 किलोमीटर आहे. मागून ताशी 150 किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर जमिनीच्या संदर्भात ते ताशी 1,050 किलोमीटर वेगाने जाते. तोच वारा समोरून आला, तर वेग 750 वर उतरतो. इंजिन तेवढेच इंधन जाळत राहते आणि शहर मात्र दूरच राहते.

आकाशातील वाटा केवळ वाराच ठरवतो असेही नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले हवाई क्षेत्र बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना तर इंधनासाठी वाटेत उतरावे लागले. शहरे होती तिथेच होती. प्रवास तेवढा लांबला.

पॅसिफिकवरून जाताना आणखी एक गंमत घडते. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ दिल्लीच्या साडेतेरा तास मागे असते. सोमवारी पहाटे चारला दिल्ली सोडणारा प्रवासी साडेचौदा तास विमानात बसतो, वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतो आणि सोमवारीच पहाटे पाचला सॅन फ्रान्सिस्कोत उतरतो. परतताना विमान पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून आले, तर दिल्लीत पाऊल ठेवताना त्याची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झालेली असते.