आरओचं पाणी शेवटपर्यंत शुद्ध राहतं का? – घरातल्या वॉटर फिल्टरची स्वच्छता व देखभाल



परिसर अभ्यासात पाण्याचा पाठ घेताना आपण मुलांना सांगतो, की स्वच्छ दिसणारं पाणी सुरक्षित असतंच असं नाही. पण हेच वाक्य मी स्वतःच्या घरात विसरले होते.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पंधरा दिवस गावी होतो. परत आल्यावर मुलगा पाणी प्यायला आणि म्हणाला, "आई, पाण्याला वास येतोय." मी टीडीएस मीटर बुडवून पाहिलं, आकडा नेहमीचाच होता. "काही नाही रे, पी," असं म्हणणारच होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आधी टाकी उघडून तर बघ." उघडली, आत बोट फिरवलं, तर तळाला बुळबुळीत थर!

असं का झालं?

आरओ यंत्रात पाणी टप्प्याटप्प्याने जातं.

१. सेडिमेंट फिल्टर – माती, गाळ, गंज अडवतो.
२. कार्बन फिल्टर – क्लोरीन, वास, रंग शोषून घेतो. क्लोरीनमुळे मेम्ब्रेन खराब होतं, म्हणून ते आधीच काढावं लागतं.
३. मेम्ब्रेन – पाण्यात विरघळलेले क्षार तसेच फ्लोराइड, नायट्रेट यांसारखे घटक मोठ्या प्रमाणात वेगळे करतं.
४. टाकी – तयार पाणी इथे साठतं.

खरी गोम इथेच आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतूंना वाढू देत नाही. ते आपण काढून टाकलं, म्हणजे टाकीतल्या पाण्याला राखणदार उरत नाही. पाणी बरेच दिवस साचून राहिलं, की टाकीत आणि नळीत जंतूंचा थर धरू शकतो. बऱ्याच यंत्रांत यूव्ही दिवा टाकीच्या आधी असतो, त्यामुळे टाकीत नंतर वाढणाऱ्या जंतूंवर त्याचा उपयोग होत नाही.

आणि टीडीएस मीटर? ते फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्यात दिसत नाहीत. म्हणून आकडा चांगला म्हणजे पाणी चांगलं, असं समजू नका.

घरी काय करता येईल?

• दर दोन-तीन महिन्यांनी टाकी धुवा. आधी प्लग काढा आणि पाण्याची तोटी बंद करा. टाकी रिकामी करून मऊ स्पंज व थोड्या भांड्यांच्या साबणाने आतून पुसा, साबणाचा अंशही राहणार नाही इतकं खळखळून धुवा. तारेची घासणी वापरू नका, ओरखड्यांत घाण बसते. उकळतं पाणीही नको, प्लास्टिक वाकतं. टाकी उघडता येत नसेल तर मेकॅनिककडून समोर उभं राहून धुवून घ्या.
• यंत्राची तोटी आतून नव्या टूथब्रशने घासा. सगळ्यात जास्त हात तिथेच लागतात.
• टाकी धुतल्यावर किंवा नवा फिल्टर बसवल्यावर पहिली भरलेली टाकी पिऊ नका. झाडांना घाला.
• गावाला जाताना टाकी रिकामी करा. परत आल्यावरही पहिली टाकी सोडून द्या.

काय, कधी बदलायचं?

• सेडिमेंट व कार्बन फिल्टर – साधारण ६ ते १२ महिने. पाणी गढूळ असेल तर त्याआधीही.
• यूव्ही दिवा – साधारण वर्षभर. तो पेटलेला दिसला तरी त्याची ताकद कमी होत जाते.
• मेम्ब्रेन – साधारण २ ते ३ वर्षे.

मेम्ब्रेन "गेलंय" असं कोणी म्हणालं तर आधी दोन आकडे बघा. समजा, नळाच्या पाण्याचा टीडीएस ८०० आणि फिल्टरच्या पाण्याचा ८० आहे, म्हणजे ९० टक्के क्षार निघाले. यंत्र बसवलं तेव्हाचा आकडा लिहून ठेवला असेल, तर फरक लगेच कळतो. मीटरचा खरा उपयोग हाच! पाचवीच्या पुढच्या मुलांना शेकडेवारीचा सराव म्हणून ही नोंद ठेवायला सांगा. आमच्या घरी आता मुलगाच वही सांभाळतो.

आणखी एक. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. तुमच्या नळाचं पाणी त्यापेक्षा बरंच कमी असेल आणि फ्लोराइड-नायट्रेटचा त्रास नसेल, तर आरओची गरज आहे का, हाही विचार करा. आरओ असेल तर बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला, संडासात वापरा. ते पिऊ नका.

आज रात्री एकच गृहपाठ. फिल्टर शेवटचा कधी बदलला आणि टाकी कधी धुतली, हे आठवून बघा. आठवलं नाही, तर उत्तर मिळालंच! तारीख लिहून एक चिठ्ठी यंत्रावर चिकटवा. शाळेत फिल्टर असेल तर तिथेही. आपण "पी बाळा" म्हणतो तेव्हा मुलं विश्वासाने पितात.