जुनी हत्यारे : शोध आणि जीर्णोद्धार

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर लोखंडाचे दोन वैरी आहेत : पावसाळ्यातील दमट हवा आणि समुद्रावरील खारा वारा. उघड्यावर राहिलेली पटाशी येथे एका पावसाळ्यात तांबडी होते. तरीही घरांच्या माळ्यांवर आणि शाळांच्या जुन्या पेट्यांत सुताराची हत्यारे अद्याप आढळतात. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला. त्यानंतर अनेक प्राथमिक शाळांत सूतकताई, बागकाम, सुतारकाम सुरू झाले. पुढे उद्योग मागे पडला, पेटी तेवढी राहिली. जडसंग्रह नोंदवहीत तिच्यापुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा मारण्यापूर्वी शिक्षकांनी ती एकदा उघडून पाहावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, तेव्हा घरांची छपरे उडाली. अशा पडझडीनंतर अडगळ उपसताना रंधा आणि मोडके पत्रे एकाच तराजूत पडतात. भंगारवाल्याचा काटा केवळ वजन जाणतो.

शोधाचे काम मुलांकडे द्यावे. मात्र मुलांनी घरून हत्यार आणू नये, त्याचे नाव, चित्र आणि उपयोग लिहून आणावा. वाकस, किंकरे, गिरमिट ही नावे आजोबांकडून मिळतील. सामता पाहून मुले बहुधा गोंधळतात. त्याच्या दांड्याला धनुकलीची दोरी गुंडाळलेली असते. धनुकली मागेपुढे ओढली की दांडा फिरतो आणि त्याची अणी लाकडात छिद्र पाडते. ताक घुसळणारी रवी पाहिलेल्या मुलास याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही.

साफसफाईत उतावळेपणा नडतो. प्रथम कोरड्या कुंच्याने माती झाडावी, पाते रात्रभर रॉकेलमध्ये ठेवावे आणि नारळाच्या सोडणाने घासावे. गंज हट्टी असल्यास चिंचेच्या पाण्यात काही तास बुडवावे. चिंचेतील आम्ल गंज विरघळविते, परंतु फार वेळ ठेवल्यास चांगले लोखंडही खाते. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, उन्हात पूर्ण वाळवून लगेच तेलाचा हात फिरवावा. ओलसर पाते दुसऱ्याच दिवशी पुन्हा तांबूस दिसू लागते.

धार लावण्याचे काम शिक्षकाने किंवा गावच्या सुताराने सहाणेवर, पाणी घालीत करावे. विजेच्या चाकावर पाते तापून निळे पडले, म्हणजे सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत गेले, की पोलादाचे पाणी उतरते. मग धार चकाकते, पण टिकत नाही. ही चूक फार घडते.

मूठ किडलेली नसेल तर बदलू नये व काचकागदाने घासूही नये. वर्षानुवर्षे तळवा टेकून पडलेला खळगा तीवर असतो. तो कोणत्या अंगास आहे, हे पाहून कारागीर उजवा की डावखुरा, याचा तर्क मुले करू शकतात. रंगरोगण चढविलेल्या हत्यारात हा पुरावा नाहीसा होतो. ते शोभेच्या कपाटात बरे दिसते, एवढेच.

गंजाचा पाठ तीन खिळ्यांनी द्यावा. एक खिळा कोरड्या, बूच लावलेल्या बाटलीत, दुसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवून आणि तिसरा समुद्राच्या पाण्यात तसाच ठेवावा. आठ दिवस रोज एका मुलाने निरीक्षण वहीत लिहावे. चौथा खिळा तेल लावून दुसऱ्याच्या शेजारी ठेवल्यास, पेटीतील पात्याला तेल का लावले, हे मुलेच सांगतील.